दुसऱ्याच्या अंगणातली चूल

इथे नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्पला, माझ्या ऑफिसात एक अमेरिकन सहकारी आहे. पन्नाशी उलटलेला, टेस्टिंगच्या टीममधला, दुपारच्या जेवणाला रोज तोच चीज घातलेला ब्रेड खाणारा. त्याने मला अमेरिकन फुटबॉल शिकवला, म्हणजे बॉल हातात धरून पळायचा तो. खेळ मला अजून पुरता कळत नाही. पण एका गोष्टीवरून आमचं जे भांडण जुंपलं ते आजवर मिटलेलं नाही, आणि मिटवायची माझी इच्छाही नाही.

भांडण त्याच्या लहानपणच्या एका लीगवरून. तिकडची मोठी लीग पानगळीत सुरू होते आणि थंडीभर खेळते. हा शाळेत असताना काही धनिकांनी दुसरी लीग काढली आणि ती वसंतात खेळवली. तेव्हा मोठी लीग घरी बसलेली, त्यामुळे मैदानं मोकळी, टीव्ही मोकळा, माणसंही मोकळी. याच्या शहराला पहिल्यांदाच स्वतःची टीम मिळाली. वडिलांचं बोट धरून हा प्रत्येक मॅचला जायचा. मग मालकांच्या डोक्यात शिरलं, की वसंतात खेळणं म्हणजे कमीपणा. टक्कर द्यायची तर समोरासमोर, पानगळीतच. तसं त्यांनी जाहीर केलं, मोठ्या लीगविरुद्ध कोर्टातही गेले. कोर्टात म्हणे जिंकले, पण हाती धुपाटणंच आलं. लीग बुडाली आणि याच्याकडे टीमची टोपी तेवढी उरली.

त्याच्या मते ती बुडणारच होती, मोठ्यापुढे छोटं टिकत नाही. मी म्हटलं, साफ चूक. ती टिकली असती. वसंत सोडायला नको होता. जिथे मोठ्या लीगची टीम नाही अशा शहरांत मुळं धरायला हवी होती, आणि ईर्ष्येपोटी खेळाडूंवर पैसा उधळायला नको होता. काही वर्षं कळ काढली असती, तर वसंत म्हटलं की लोकांना त्यांचीच आठवण झाली असती. आमच्याकडे याला वेगळी चूल मांडणं म्हणतात, हे मी त्याला इंग्रजीत समजावलं. चूल वेगळी मांडली यात चूक नाही, ती दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवली ही चूक. त्याने गंभीरपणे विचारलं, गॅसची की इंडक्शनची?

मला हे एवढं झोंबायचं कारण होतं. हे भांडण जुंपलं त्याच उन्हाळ्यात आमचीही चूल हलवायचं घाटत होतं.

आम्ही इथली काही बौद्ध कुटुंबं दर एप्रिलला कापेल नावाच्या गावी जयंती करतो. लहानसा हॉल, निळे कागदी झेंडे, वंदना, मुलांची निम्मी डच भाषणं, घरोघरून आलेले डबे आणि खीर. इथे मोठं मराठी मंडळही आहे. त्यांच्या दिवाळीला आम्ही जातो, तिथे आमची दोस्तमंडळी आहेत. मात्र मंडळात जयंती करू या म्हटलं, की हसतमुखाने "बघू" असं उत्तर यायचं. त्या "बघू"ला कंटाळून आम्ही आमचा एप्रिल उभा केला.

उन्हाळ्यातल्या बैठकीत आमच्यातल्या एका दादांनी नवा बेत मांडला. दादा मोठ्या हुद्द्यावर, मनाने मोठे, कामाला वाघ. म्हणाले, किती दिवस छोटं राहायचं? धम्मचक्र प्रवर्तन दिन पानगळीतच येतो. तोच करू, मंडळाच्या दिवाळीच्याच शनिवारी, मोठ्या हॉलमध्ये, मुंबईहून गायक आणून. दोन कार्यक्रम झेपणार नाहीत, तेव्हा एप्रिल बंद. टाळ्या पडल्या.

मी उठले आणि फुटबॉलची गोष्ट सांगितली. लोक हसले. दादा प्रेमानेच म्हणाले, "ताई, आपण काय अमेरिकेत आहोत का?"

मला राग आला आणि मी तो गिळला नाही. "दादा, आपल्या आज्यांना लोकांनी वेगळं बसवलं. वेगळा कप, वेगळा पाणवठा. आपण आज वेगळे बसतो ते आपल्या मर्जीने. एप्रिल हा त्या मर्जीचा दिवस आहे. दुसऱ्याची गर्दी फोडायला मी तो देणार नाही. तुम्ही पानगळीत करा. एप्रिल मी करते."

हात वर झाले ते दादांच्याच बाजूने. माझ्या नवऱ्याने हात वर केला नाही, पण मान खाली घातली. परतताना ट्रेनमध्ये मुलीने डचमध्ये विचारलं, की ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ दे, तुझं काय बिघडतं? मी मराठीत विचारलं, "मग त्या शनिवारी तू कुठे जाणार?" तिच्या जिवलग मैत्रिणीचा मंडळाच्या दिवाळीत नाच होता.

त्या शनिवारी आम्ही तिघंही दादांच्या कार्यक्रमाला गेलो. आपल्या माणसाला तोंडघशी पडू देत नाहीत. गायक छान गायला, पण पुढच्या रांगाही भरल्या नाहीत. बऱ्याच घरांतली मुलं तिकडे नाचत होती, आणि मुलं तिथे आईबाप. दादा दारात उभे राहून पार्किंगकडे बघत होते. मी भात वाढत राहिले. खरं सांगते, त्यांच्यासाठी जीव तुटत होता आणि त्यांचा रागही येत होता.

एप्रिलला मी आमच्या वस्तीतला हॉल घेतला, शाळेच्या वर्गाएवढा. सहकाऱ्यालाही बोलावलं. तो ती जुनी टोपी घालून आला आणि आल्याआल्या म्हणाला, की यातून काहीच सिद्ध होत नाही, लीग चालवायला टीव्ही लागतो. मी म्हटलं, तुम्हाला लागत असेल, आम्हाला एप्रिल पुरतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, तुमची ती चूल कुठे आहे? मी त्याच्या हातात खिरीची वाटी दिली.

वंदना सुरू होणार तेवढ्यात दादा आले, दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या घेऊन. त्यांच्यामागे आणखी माणसं होती. सगळ्यांना बसायला जागा पुरेना. दादांनी खुर्च्या भिंतीशी लावल्या, घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी मोठा हॉल घेऊ."

"घेऊ की," मी म्हटलं. "एप्रिलमध्येच."