डोमाकाकांनी न दिलेला अंगठा

डोमाकाका गेल्याचं मला कारध्याच्या पुलावर कळलं. गावचा माणूस सायकलवरून उतरून सांगत होता आणि मी, घरातला नावाजलेला बोलका, फक्त "बरं" म्हणालो... त्याला महिना होत आला.

काका म्हणजे माझे सख्खे चुलते. चार बांध्या, म्हणजे चार खाचरं धान, आणि रानडुकरं हाकलायला आजोबांच्या वेळची फौजी बंदूक. मुळात ती तोंडातून बारूद ठासून भरायची. पुढे इंग्रजांनीच नळी मागून कापून कडेला उघडणारं झाकण बसवलं, काडतूस मागून भरता यावं म्हणून. परवान्यावर मात्र 'ठासणीची' हेच राहिलं. काकांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी गप्प.

आणीबाणी उठली त्या वर्षी कचेरीत बंदुकांच्या तपासणीत नव्या साहेबांनी ते पकडलं. "बंदुकीत फेरफार आहे. 'मीच केला' म्हणून अंगठा द्या, झाकण सांधून घ्या अन् घेऊन जा." मी लगेच शाईचा डबा काकांपुढे सरकवला.

काका म्हणाले, "ठासून भरू म्हणता, त् डुकराले काय सांगू साहेब? थांब बापू, बारूद भरून राहिलो?"

शिपाई हसला, साहेब नाही. काकांनी झाकण उघडून आतला इंग्रज सरकारचा मुकुटाचा छाप दाखवला. "हे मी नाही केलं. ज्यानं केलं त्याचा अंगठा घ्या."

बंदूक जमा झाली. बाहेर येऊन मी म्हटलं, "काका, एका अंगठ्याचं तर काम होतं."

"मंग तुहा देतास!"

त्या हंगामात डुकरांनी दोन बांध्या आडव्या केल्या. काका डबडं वाजवत हिंडले. पण दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन कचेरीत हजर. "माझी हाय. गंजू नाही देणार." जमा बंदुकांची कोठी उघडून घ्यायचे, तेल घालायचे, परत यायचे.

परवा वारस म्हणून मी कचेरीत गेलो. कारकून नवा, मजकूर जुनाच: फेरफार काकांनी केला, बंदूक मोडीत काढायला हरकत नाही.

"सही करा भाऊ. गेलेल्या माणसाले काय फरक पडते?"

सही करण्यात माझा हात जन्माचा तरबेज. पेन उघडलंही... मग टोपण लावलं.

"कोठी उघडा. उद्या दसरा आहे."

तेल न्यायचं तर सुचलंही नव्हतं. समोरच्या शिंप्याकडून मागून आणलं. झाकण घट्ट बसलं होतं. तीन थेंब सोडले, अंगठ्यानं रेटलं, तेव्हा उघडलं.