नजला फर्गलीची दहा सर्टिफिकेटं

नजलाचं डोकं फिरलं ते बसबूशावरून. आता रव्याच्या, पाकात मुरलेल्या वडीवर कुणी कशाला चिडावं? पण रविवारी, म्हणजे तिकडच्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, ती ऑफिसात शिरली, तर तिच्या टेबलावर कागदी बशीत दोन वड्या ठेवलेल्या, आणि दाराजवळच्या भिंतीवर तिच्या नावाची नववी चौकट टांगायचं काम चाललेलं. मालक मेधत बे, म्हणजे मेधतसाहेब, स्वतः खाली उभे राहून शिपायाला "डावीकडे, आणखी थोडी डावीकडे" करत होते.

"मबरूक, मदाम नजला! नऊ झाली! अख्ख्या अलेक्झांड्रियात एवढी कुणाकडे नसतील."

"बे, हे नववं कशाचं होतं, सांगता?"

मेधत बेंनी चौकटीकडे पाहिलं, मग शिपायाकडे पाहिलं. "ते... लायसन्सचं काहीतरी ना? फार महत्त्वाचं आहे ते."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. दोन महिने, रोज संध्याकाळी, डोळे फोडून तिने त्या सॉफ्टवेअर-लायसन्सच्या नियमांचा अभ्यास केला होता. आणि ज्याने बसायला लावलं त्याला नावसुद्धा माहीत नाही! वड्या तिने शिपायाला देऊन टाकल्या.

आधी हा सगळा प्रकार काय होता ते सांगायला हवं. क्लाउड पुरवणारी जी बडी परदेशी कंपनी, तिच्या भागीदारांची एक यादी असते. यादीत नाव असलं की मोठी कामं मिळतात. नाव राहायचं तर तुमच्याकडे अमुक विषयांत परीक्षा पास झालेली अमुक इतकी माणसं हवीत, आणि ती मोजणी दर वर्षी सप्टेंबरअखेर होते. मेधत बे मूळचे एअर कंडिशनर विकणारे. त्यांना या धंद्यातलं एवढंच कळलं होतं की आकडा भरला पाहिजे. मग गेली सहा वर्षं दर जानेवारीत ते तक्ता करायचे: कुणी कशात बसायचं. ज्या रकान्यात माणूस कमी, तिथे नजला. विक्रीचं कमी पडलं, बसवा नजलाला. लायसन्सचं कमी पडलं, नजला. का, तर नजला पास होते. पोरं फोनवरच्या गटात फिरणारे फुटलेले प्रश्न पाठ करून जायची, ही वेडी पुस्तक वाचून जायची. शुद्ध खोगीरभरती, आणि खोगीर हिच्या पाठीवर!

तिचं खरं काम वेगळंच. सतरा वर्षं ती मागच्या मशीनच्या खोलीत होती. शहरातल्या एका मोठ्या खाजगी इस्पितळाच्या सगळ्या नोंदी तिथल्या सर्व्हरवर. कुठली डिस्क कधी रडते, कुठल्या वॉर्डाची नोंद किती वाजता सर्वांत जास्त येते, सगळं तिच्या बोटांवर. आणि आता ती खोलीच बंद व्हायची होती. जूनअखेर इस्पितळाचा सगळा पसारा क्लाउडवर न्यायचा, त्यासाठी चार जणांची तुकडी नेमायची. तुकडीत जो नाही, त्याला जुलैत कामच नाही, हे कुणी तोंडाने बोललं नव्हतं तरी भिंतींनाही ठाऊक होतं. इस्पितळाची अट अशी की तुकडीतल्या प्रत्येकाकडे क्लाउडची रचना करण्याचं, म्हणजे आर्किटेक्टचं सर्टिफिकेट पाहिजे. नजलाकडे नऊ होती, आणि नेमकं तेच नव्हतं.

तीन वर्षं ती ते मागत होती. तिन्ही वर्षं एकच उत्तर: "आर्किटेक्ट पुरेसे आहेत आपल्याकडे, मदाम. उगाच एक वाया कशाला घालवायचं?"

त्या रविवारी घरी जाऊन तिने पर्स सोफ्यावर आपटली. नवरा फत्ही बंदरावर क्रेन चालवतो. तो स्वयंपाकघरात कलेजी परतत होता, भरपूर लसूण आणि मिरची घालून.

"आज कोण मेलं?" त्याने विचारलं.

"मीच मरणार आहे जूनमध्ये."

"नवव्याचा बसबूसा मिळाला वाटतं. ए नजला, एक सांग, परीक्षा तू देतेस, मग मिठाई तो कसा वाटतो? बाळंतपण एकीचं आणि बारसं दुसऱ्याचं!"

"हसू नकोस, फत्ही. खरंच हसू नकोस."

तो हसायचा थांबला. गॅस बारीक करून समोर येऊन बसला. "मग आर्किटेक्टचं दे ना तू. कुणाला विचारतेस? तुझं डोकं काय त्या मेधतच्या नावावर आहे?"

"फी डॉलरमध्ये असते."

"असू दे. आपण काही उपाशी मरत नाही." तो उठून पुन्हा पातेल्याकडे गेला. "आणि नापास झालीस तर निदान स्वतःच्या मर्जीने झालीस म्हणता येईल."

त्या बोलण्याने तिला एवढा धीर आला की तिने त्याला वर "मीठ जास्त झालंय" असंही सुनावलं.

दोन महिने तिने ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण या वेळचा अभ्यास वेगळा होता. फुकट मिळणाऱ्या एका चाचणी खात्यावर तिने इस्पितळाचं अख्खं छोटं रूप उभं केलं. खोट्या रुग्णांच्या नोंदी, खोटे वॉर्ड. मग ते मुद्दाम पाडलं, पुन्हा उभं केलं, मध्येच तार तोडली, काय हरवतं ते पाहिलं. पहिल्यांदा अर्धा वॉर्ड हरवला. तिला एवढा आनंद झाला म्हणता! सहा वर्षांत पहिल्यांदा ती असं काही शिकत होती जे तिला उद्या सकाळी लागणार होतं. बाकी नऊ परीक्षांचं तिला आता निम्मंही आठवत नव्हतं, आणि आठवायचं कारणही नव्हतं.

मेच्या अखेरीस शहरातल्या स्मूहा भागातल्या परीक्षा केंद्रावर जाऊन ती पास झाली. सर्टिफिकेट ऑफिसच्या नावाशी जोडलं, तसा मेधत बेंना ऑफिसच्या पत्त्यावर आपोआप निरोप गेला. दुसऱ्या दिवशी बैठकीला बोलावणं आलं. तिला वाटलं, आता तुकडीचं होणार. तिने नवा स्कार्फ बांधला.

बैठकीत मेधत बे आणि बासिल. बासिल सव्वीस वर्षांचा, अभियांत्रिकीचा पदवीधर, म्हणून सगळे त्याला बाशमुहंदिस म्हणायचे. नजला वाणिज्य शाखेची, म्हणून सतरा वर्षं मदामच. समोर इस्पितळाला जायचं पत्र होतं: तुकडीचा प्रमुख बासिल, खाली आणखी तीन नावं. नजलाचं त्यात नव्हतं.

"बे, माझं नाव?"

"मदाम, तुम्ही तर कमाल केलीत! स्वतःहून दहावं!" मेधत बे आनंदाने हात चोळत होते. "आकडा एकने वाढला. पण हे बघा, इस्पितळवाल्यांसमोर बाशमुहंदिस उभा केलेला बरा. लोक विचारतात हो, कुठली पदवी, कुठलं कॉलेज. तुम्ही रागावू नका. आणि तुमच्यासाठी मी सप्टेंबरपर्यंतचं ठरवलंय. विक्रीची वरची पातळी. ते एक कमी आहे."

"आणि जुलैत मी कुठे बसायचं?"

"बघू की! अल्लाह करीम."

झालं. म्हणजे खोली बंद करायची, कामावरून काढायचं, आणि जाता जाता एक परीक्षाही उकळायची. नजला ओरडली नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि तिथेच, त्यांच्यासमोर, आपल्या खात्यात शिरली.

मेधत बेंची चूक तिथे होती. ते सरकारी शिक्क्यांच्या जमान्यातले. त्यांना वाटायचं, कागद भिंतीवर टांगला, त्याच्या प्रतीवर गोल शिक्का मारून फाइलीत लावला, म्हणजे तो आपल्या ऑफिसचा झाला. पण ही सर्टिफिकेटं माणसाच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या खात्यात असतात. ऑफिसच्या नावाशी ती जोडायची का तोडायची, हे त्याचं त्याने ठरवायचं. नजलाने एकेक करून दहाच्या दहा तोडली.

मेधत बेंच्या फोनने एकामागून एक दहा वेळा टिंग केलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे... मदाम, ऑफिसच्या चौदांपैकी चारच दाखवतंय."

"चारच आहेत."

"पण भिंतीवर आहेत ना ती!"

"भिंतीवर आहेत, बे. ठेवा भिंतीवर."

"घर जाळताय तुम्ही! सप्टेंबरात यादीतून नाव गेलं तर आपण कुठले? सतरा वर्षं मीठ खाल्लंत इथलं!"

"काम करून खाल्लंय. फुकट नाही." आता मात्र तिचा आवाज चढला. "तुमची खोली मी सतरा वर्षं जागी ठेवली. ईदच्या दिवशी डिस्क गेली तेव्हा कोण आलं होतं? तुमचे बाशमुहंदिस समुद्रावर होते!"

मेधत बेंनी घाम पुसला आणि बाजारात भाव पडला की व्यापारी बोलतो तसं भराभर बोलायला लागले. "बरं, बरं. घेतो तुकडीत. प्रमुख करतो, झालं? बासिल दुसरा. आता जोडा ती परत."

खरं म्हणजे हवं ते मिळालं होतं. पण नजलाचा संताप उलट वाढला. "का घेताय?"

"म्हणजे?"

"मला कशासाठी घेताय, सांगा. मला काय येतं?"

"तुम्हाला... दहा सर्टिफिकेटं आहेत."

"काय येतं, बे? एक प्रश्न विचारा मला कामातला. एकच."

मेधत बेंना विचारायला प्रश्नच सुचेना. मग बासिल, जो इतका वेळ खाली मान घालून बसला होता, हळूच म्हणाला, "मी विचारू का, अब्ला?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला अब्ला म्हणायचा, तेवढं त्याचं बरं होतं. "नोंदी हलवत असताना मध्येच लाइन गेली, आणि जुन्या-नव्या दोन्हीकडे लिहिणं चालू असेल, तर खरी नोंद कुठली धरायची?"

"दोन्हीकडे लिहू द्यायचंच नाही. एका वेळी एक वॉर्ड. शुक्रवारी बंद असलेला बाह्यरुग्ण विभाग पहिला. आपत्कालीन विभाग सर्वांत शेवटी, आणि तो हलताना माणूस तिथे उभा पाहिजे, कागद-पेन घेऊन. जुनी मशीनं महिनाभर चालू ठेवायची, फक्त वाचण्यापुरती." ती थांबली. "आता मी विचारते. तू बॅकअप घेतलास?"

"हो. कालच."

"परत उभा करून पाहिलास?"

"नाही."

"मग तू बॅकअप घेतलेला नाहीस, बासिल. तू फक्त डबा भरलास. आत काय आहे ते तुला माहीत नाही."

बासिल लाल झाला. क्षणभर वाटलं, आता हा फणकारणार. पण तो मेधत बेंकडे वळला. "बे, पत्रावर यांचंच नाव वर टाका. मी ती परीक्षा फोनवरचे प्रश्न पाठ करून दिली. पोपटपंची नुसती. इस्पितळात कुणाचं काही झालं तर मला झोप लागणार नाही."

"तू गप्प बस!" मेधत बे खेकसले. मग त्यांनी पत्र ओढून घेतलं, बासिलचं नाव खोडलं, वर नजलाचं लिहिलं, सही केली आणि शिक्काही मारला. "हे घ्या. आता जोडा."

नजलाने पत्र नीट वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि एकच सर्टिफिकेट जोडलं. दहावं.

"आणि बाकीची नऊ?"

"ती नाही जोडणार."

"अहो, ठरलं ना आपलं!"

"तुम्ही ठरवलंत. त्या नऊमधलं मला आज काही येत नाही, बे. उद्या गिऱ्हाइकाने लायसन्सचं विचारलं तर मी तोंडावर पडेन, आणि नाव माझं जाईल. विक्री करणाऱ्यांना विक्रीच्या परीक्षेला बसवा, हिशेब बघणाऱ्यांना लायसन्सच्या. सप्टेंबरला तीन महिने आहेत. मात्र आधी विचारा त्यांना, काय शिकायचंय ते."

चिडायचं की गयावया करायची, हे मेधत बेंचं ठरत नव्हतं. शेवटी खुर्चीत मागे रेलून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "फार बदललात तुम्ही, मदाम. इतकी वर्षं कधी तुमचा चढा आवाज ऐकला नाही. कधी रागावला नाहीत."

"सहा वर्षं रागातच होते, बे," नजला उठत म्हणाली. "तुम्ही आज पाहिलंत."