लाल पेटीच्या चिठ्ठ्या

आमच्या घरात मोठे निर्णय चिठ्ठ्या टाकून होतात. हसू नका. सासूबाईंच्या माहेरी, नरखेडकडे, ही पद्धत फार जुनी आहे आणि शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिला आधारही आहे. प्रेषितांना बाराव्या माणसाची जागा भरायची होती तेव्हा त्यांनीसुद्धा चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. माझ्या नवऱ्याचं नाव चिठ्ठीतून आलं. आमच्या फ्लॅटचा मजला चिठ्ठीतून आला, म्हणून आम्ही लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझं स्थळही चिठ्ठीतूनच आलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं. वाटीतल्या बाकीच्या दोघी कोण होत्या, ते चिठ्ठ्या लिहिणारे सासरे सोबत घेऊन गेले.

नियम साधे आहेत. आधी प्रार्थना करायची. घडी घातलेल्या चिठ्ठ्या स्टीलच्या वाटीत टाकायच्या. घरातल्या सगळ्यात लहान माणसाने एक उचलायची. उरलेल्या न उघडता गॅसवर जाळून टाकायच्या. "देवानं जे निवडलं नाही ते आपण वाचाचं नाही," असं सासूबाई म्हणतात. सासरे गेल्यापासून चिठ्ठ्या मी लिहिते, कारण घरात माझं अक्षर बरं आहे. या एका गोष्टीकडे कोणीतरी लक्ष द्यायला हवं होतं.

सगळ्यात लहान माणूस म्हणजे माझी मुलगी. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिला शाळेतून काढून आम्हाला दोन महिने झाले होते. तिच्या वर्गात पाळीपाळीने धडा मोठ्याने वाचायचा असायचा. जो अडेल त्याने उभं राहायचं आणि शब्द येईपर्यंत उभंच राहायचं. एक दिवस माझी मुलगी पहिल्याच ओळीत अडली आणि तास संपेपर्यंत उभी राहिली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंधरा दिवसांत तिने मोठ्याने वाचणं बंद केलं. घरी तिची बडबड चालूच होती. पालीला हाडं असतात का, पाल झोपते का, पालीची आई कोण, असं दिवसभर. पण समोर पुस्तक धरलं की ओठ मिटायचे. मारून उघडत नव्हते, चॉकलेटने उघडत नव्हते. दोन्ही करून पाहिलं, आणि पहिल्याची मला अजून लाज वाटते.

पालकसभेत बाईंनी सांगितलं, "हिला वाचताच येत नाही." मला राग आला की माझं डोकं बंद पडतं आणि हात चालू होतात. मी तिथेच कागद मागून टीसीचा अर्ज लिहिला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो वीज कंपनीत आहे आणि दिवसातून साधारण चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्याने खर्च केलं. "आता शिकवणार कोण?"

"मी," मी म्हटलं. तोपर्यंत मी फक्त भाजीवाल्याला शिकवलं होतं.

डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले आणि वेळ द्या म्हणाले. तेवढं तर आमची पाणीपुरीवालीही सांगते. खरी भीती मी कोणाला सांगितली नव्हती. तिला वाचता येतं आणि ती वाचत नाही, की खरंच येत नाही, हे मला माहीत नव्हतं. येत नसेल तर त्या बाई बरोबर होत्या, आणि मी रागाच्या भरात पोरीची शाळा सोडवली होती.

सासूबाईंना मात्र काळजी नव्हती. त्यांनी चाळीस वर्षं चर्चच्या मंडळीत रविवारी मुलांची शब्बाथशाळा घेतली आहे. "तिले येते वाचता," त्या म्हणायच्या. "चर्चमध्ये गीताचं पान ती बरोबर उलटून राहते. मी पाहून राहिली ना."

"सगळे उलटतात म्हणून तीही उलटते, आई."

"अवं, ती सगळ्यांच्या आधी उलटते."

मी लक्ष दिलं नाही. सासूबाईंना चर्चमध्ये सगळंच चांगलं दिसतं. गुडघे गेलेत, जिना चढताना दर पायरीला प्रभूचं नाव घेतात, पण शुभवर्तमान वाचायला लागले की सगळ्यांसोबत उभ्या राहतात आणि वाचन संपेपर्यंत बसत नाहीत. पाळकसाहेबांनी स्वतः सांगून पाहिलं, बसा म्हणून. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचा."

तर पुस्तकं. घरीच शिकवायचं ठरल्यावर मला कळलं की ख्रिस्ती घरांसाठी अशी पुस्तकं वेगळी मिळतात, आणि त्यांचे इतके प्रकार आहेत की माणसाचा विश्वास डळमळावा. मंडळीत एक ताई होत्या, नवऱ्याच्या बदलीच्या नोकरीमुळे मुलांना घरीच शिकवणाऱ्या. त्यांच्याकडे परदेशातून आलेला एक संच होता, लाल रंगाच्या पेटीत. जाड गुळगुळीत पानं, रंगीत चित्रं, स्टिकरं. दर पानावर देव. गणितात तारवातल्या प्राण्यांच्या जोड्या मोजायच्या, विज्ञानात सहा दिवसांत सृष्टी, सुलेखनात स्तोत्रं. मी ती पेटी महिनाभरासाठी मागून आणली आणि प्रेमात पडले. पहिलाच पाठ सचोटीवर होता. तो मी दोनदा वाचला. मला फार आवडला.

नवऱ्याने पेटीतलं एक पुस्तक पंधरा मिनिटं चाळलं. "बर्फ लय आहे," तो म्हणाला. खरं होतं. मुलं बर्फ उपसत होती, बर्फाचा माणूस करत होती, अस्वलाला घाबरत होती. बाहेर पारा पंचेचाळीसवर होता आणि आमचा कूलर पाण्यासाठी बोंबलत होता.

"फळांचा पाठ दाखव," सासूबाई म्हणाल्या. मी दाखवला. सफरचंद, नाशपाती आणि आणखी तीन फळं ज्यांची नावं आम्हाला येत नव्हती. त्यांनी चष्मा काढला. "देवानं अख्खी सृष्टी केली अन् संत्रं काहून केलं नाही वं?"

नवऱ्याची पसंती दुसऱ्या संचाला होती. तो दक्षिणेत छापलेला, हिरव्या कव्हरचा. त्यात आंबा होता, बैल होता, पण प्रत्येक धड्याच्या शेवटी एक मूल मरता मरता वाचायचं आणि मग आईवडिलांचं ऐकायला लागायचं. त्याचे नमुने मी मोबाईलवरून काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेले तर दुकानदाराने विचारलं, "मॅडम, ये कौन सा बोर्ड है?"

"घर का," मी म्हटलं.

"अच्छा, नया आया," तो म्हणाला आणि स्टेपल करून दिलं.

सासूबाईंचा संच तिसरा. सरकारी मराठी पुस्तकं, आणि सकाळ-संध्याकाळ शास्त्राचं एक पान. "माहे सगळे पोरं यातच शिकले," त्या म्हणायच्या. त्यांची सगळी पोरं म्हणजे माझा नवरा आणि माझी नणंद. नणंद शिकली, हे खरं आहे.

तीन आठवडे आम्ही भांडलो. मला लाल पेटीच हवी होती, आणि का ते आता सांगायला हरकत नाही. स्टिकरांवर पोरगी बोलती होईल असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे तशी स्वतःची पेटी घेऊन दिवाणखान्यात दिसेल अशी ठेवायची होती. कोणी विचारलं, पोरगी शाळेत जात नाही का, की त्या पेटीकडे हात करायचा होता. शेवटी एका रविवारी दुपारी सावजीचं जेवण झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लय झालं. संध्याकाळी चिठ्ठ्या टाकू."

मी स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागच्या कागदाचे तीन तुकडे केले. पहिल्यावर लिहिलं, लाल पेटी. दुसऱ्यावर हिरवा संच लिहायला पेन टेकवलं, आणि माझ्या हाताने लिहिलं, लाल पेटी. तिसऱ्या वेळी हातावर ढकलता येत नाही. तिसरी मी नीट विचार करून लिहिली. देवाला काय हवं आहे ते मला माहीत होतं, मी फक्त त्याचा वेळ वाचवत होते, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिवाय उरलेल्या दोन जळणार होत्या.

संध्याकाळी सासूबाई दिवाणवर, मुलगी खाली त्यांच्या पायाशी, नवरा खुर्चीत, मी दारात. सासूबाईंनी प्रार्थना केली. लांब केली. पोरीचे ओठ उघड बापा, एवढंच त्यांनी शेवटी दोनदा म्हटलं. पुस्तकांचं नावही घेतलं नाही. मला वाटीकडे पाहवेना.

मुलीने एक चिठ्ठी उचलून पप्पांना दिली. नवऱ्याने उघडली. "लाल पेटी," तो म्हणाला, आणि देवाची मर्जी मान्य असल्यासारखी मान हलवली. मला त्याची इतकी दया आली की मी पदराशी खेळत राहिले.

"जा, जाळून ये," सासूबाई मुलीला म्हणाल्या. ते कामही सगळ्यात लहान माणसाचंच, फक्त हल्ली गॅस मी पेटवून देते. मी तिच्या मागे निघाले, तेवढ्यात नवऱ्याने विचारलं, "मग ते हिरवं रद्दीत टाकाचं का?" त्याला काहीतरी उत्तर दिलं. अर्धा मिनिट गेलं असेल. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत एकेक चिठ्ठी होती आणि दोन्ही उघडलेल्या होत्या.

"लाल पेटी," ती म्हणाली. मग दुसऱ्या हाताकडे पाहिलं. "लाल पेटी." मग चालत पप्पांकडे गेली, त्यांच्या हातातला कागद घेतला, अक्षरांखाली बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं. "ही पण लाल पेटी. मम्मी, तिन्हीवर एकच आहे."

मी पकडले गेले होते आणि माझी पोरगी वाचत होती. दोन्ही एकदम झालं. आधी कशासाठी रडावं ते मला कळेना, म्हणून मी दोन्हींसाठी रडले.

"वाचलं तिनं," नवरा म्हणाला.

"मी तर केव्हाची सांगून राहिली," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं. "आता तू बोल वं."

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. खरंच सांगते, शब्द समोर दिसत होते आणि ओठ हलत नव्हते. पोरगी माझ्याकडे टक लावून पाहत होती. हे काय होतं ते त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. तिने कॅलेंडरचा उरलेला कागद आणि पेन आणून माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं आणि कागद तिला परत दिला. ती आजीच्या पायाशी मांडी घालून बसली आणि बोट ठेवलं.

"चि," ती म्हणाली. "चिठ्... चि..."

जोडाक्षर होतं. माझ्या डोक्यात आलंच नाही, सोपं लिहावं. ती थांबली. आणि मग ती उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हात अंगाशी, मान खाली, अडल्यावर उभं राहायचं तशी. तो वर्ग, त्या बाई आणि अर्ज लिहून मोकळी झालेली मी, सगळ्यांना एकदम काडी लावावी असं मला वाटलं. बस बाळा, असं म्हणायला मी पुढे झाले.

त्याआधी दिवाण करकरला. सासूबाई कडेला हात टेकवून उठत होत्या.

"आई, बस ना, गुडघे," नवरा म्हणाला.

"ती वाचून राहिली," सासूबाई म्हणाल्या. "वाचन चालू असताना बसत नसतात." आणि त्या उभ्या राहिल्या, रविवारी राहतात तशा, डोक्यावरचा पदर नीट करून. नवऱ्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि खुर्ची मागे सरकवून तोही उभा राहिला. मी उभीच होते, पण भिंतीचा टेकू सोडला.

मुलीने मान वर केली. आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. कोणाला घाईही नव्हती, उद्या सकाळपर्यंत उभं राहायला लागलं असतं तरी राहिलो असतो. तिने कागद डोळ्यांजवळ नेला.

"चिठ्ठ्यांमध्ये," ती म्हणाली. "मी लबाडी केली. माझं चुकलं."

"आमेन," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे खाली बसलो.