सिद्धम्माची मऊ भाकरी

सिद्धम्माच्या हातची कडक भाकरी महिनाभर टिकायची. पापडागत पातळ, मोडली की कट्टदिशी वाजायची. नळदुर्गाजवळच्या त्या गावात तिची बरोबरी कुणाला जमली न्हाय. जीभ तिखट, पण दारातनं उपाशी कुणी गेला न्हाय.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. तिचा धाकटा भाऊ वीरप्पा निजामाविरुद्ध लढायला हद्दीपल्याड, सोलापूरकडच्या कॅम्पात गेलेला. भाकरीची गठडी न्यायला चोरून यायचा. आन् गावच्या करोडगिरी नाक्यावर, जकात वसूल करायच्या चौकीवर, निजामाचा शिपाई होता मौलाली. त्याची आई बाळंतपणातच गेली, तवा सिद्धम्मानंच त्याला अंगावर पाजून वाढवलेलं.

त्या खेपेला वीरप्पानं गठडी उघडली आन् भडकलाच.

"अक्का, मऊ भाकरी? परवा बुरसंल की ही! आमाला चार दिस रानात दबा धरायचाय."

"कुठल्या नाक्यासाठी?"

वीरप्पा गठडी परत बांधायला लागला.

"आपलाच व्हय? मौला हाय तिथं."

"म्या काय करू? बंदुका पल्याडच्या साहेबांनी दिल्या. दिल्लीची निजामासंगं बोलणी चालू असली की थांबा म्हणतेत, फिसकटली की नाके पेटवा."

"बंदुका देतेत आन् हद्दीवर मीठ अडवतेत! दोन म्हयने अळणी चटणी खातोय आमी. तिकडं मौला म्हणतो, कराचीचं इमान निजामासाठी बंदुका घेऊन उडत येतंय. मालक सगळे लांब बसलेत. मरायला तुमी दोघं, माझे."

"तू त्याला सांगशील."

"सांगितलं तर तू मरशील. न्हाय सांगितलं तर तो. दिस सांग, मग कडक भाकरी."

वीरप्पानं दात खाल्ले. "सोमवारी. भर दुपारी."

सोमवारी दुपारी सिद्धम्मा धापा टाकत नाक्यावर. मौलाली एकटाच होता, जोडीदार जेवायला गेलेला.

"मौला, माझ्या आईची तांब्याची घागर आडात पडली रं!"

"नाका सोडून कसं येऊ मावशी? जमादार कातडं सोलंल."

"मग जमादारालाच धाड बुडी मारायला!"

मौलाली हसला, आला. बंदूक तिच्या ओसरीवर टेकवली आन् आडात उतरला. तीनदा बुडी मारली. हाताला नुसता गाळ. चौथ्यांदा वर आला तर आडाच्या तोंडातनं दिसणाऱ्या आभाळात काळा धूर शिरत होता. नाक्याच्या अंगानं.

आडाच्या दगडाला धरून त्यानं वर तिच्याकडं बघितलं.

"मावशी, घागर पडलीच न्हवती."

"व्हय." सिद्धम्मानं दोर खाली सोडला. "नीट धर. वर ये, मऊ भाकरी केलीया."