उकडलेल्या बटाट्यावरचं मीठ

बावीस वर्षं तिनं कारखान्याच्या कँटीनमध्ये दोनशे माणसांचा स्वयंपाक केला. मीठ कमी की जास्त, ते तिला वाफेवरूनच कळायचं. सगळे तिला ताई म्हणत. मॅनेजरसुद्धा तिच्यापुढं आवाज चढवत नसे.

पोट वाढायला लागलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "या वयात गोड बातमी का गं?" तीही पोट धरून हसली. मग पाय सुजले, चपला चढेनात, आडवं झालं की दम कोंडायला लागला.

डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "या दारू घेतात का?"

नवरा बस चालवायचा. बोलायला मुलखाचा कंजूष. "आयुष्यात थेंब नाही," एवढंच म्हणाला.

जुनी कावीळ आतल्या आत यकृत पोखरत होती. ते आता कडक पडलं होतं, म्हणून पोटात पाणी साठत होतं. लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी वजन करायचं ठरलं, मीठ बंद.

नवऱ्यानं रजा टाकली आणि चुलीचा ताबा घेतला. ती कॉटवरून हुकूम सोडायची, "कांदा करपला बघा!" ताट पुढं आलं की मात्र दोन घास खाऊन ते सरकवायची. "माती बरी याच्यापेक्षा."

गोळ्या वाढवल्या तर मूत्रपिंडं कुरकुरायला लागली, म्हणून त्या थांबवल्या. मग दर पंधरा दिवसांनी दवाखाना. डॉक्टर पोटात डावीकडं सुई घालायचे, नळीतून पिवळं पाणी बरणीत उतरायचं. सहा लिटर, कधी सात. अंगातलं बळ जाऊ नये म्हणून हाताला प्रथिनांची बाटली लावायचे. दोन दिवस ती सपाट झोपायची. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा वर सरकलेला.

तिचा भाऊ यकृताचा तुकडा द्यायला निघाला. तपासण्या झाल्या आणि त्याचंच यकृत चरबीनं भरलेलं निघालं. तो बाकावर बसून लहान पोरासारखा रडला.

एका दुपारी ती म्हणाली, "एकदाच द्या हो. चिमूटभर."

नवऱ्यानं चुलीवरचं पातेलं उतरवलं. मग उकडलेला बटाटा कुस्करला, वर मीठ भुरभुरवलं. तिनं अख्खी वाटी पुसून खाल्ली. "आत्ता कुठं तोंडाला चव आली," ती म्हणाली.

आठवड्यानं ताप चढला, ती पोटाला हात लावू देईना. दवाखान्यात नवऱ्यानं डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, मी मीठ दिलं होतं."

"त्यानं हे झालेलं नाही. साठलेल्या पाण्यात जंतू झालेत. हे कधीही झालं असतं."

त्यानं मान हलवली. विश्वास मात्र बसला नाही.

तिसऱ्या दिवशी तिला माणसं ओळखू येईनात. ती हात हलवत खेकसली, "अरे, दोनशे माणसं खोळंबलीत! भात उतरव!"

"उतरवला, ताई," नवरा म्हणाला.

"झाकण ठेव."

"ठेवलं."

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

कारखान्यातली माणसं येऊन गेली. कुणी म्हणालं, सुटल्या बिचाऱ्या. नवरा उठून आत गेला. सोमवारी कामावर रुजू झाला. तिसऱ्या थांब्यावर त्यानं बस उभी केली, प्रवासी चढून बसले, मागून घंटी वाजली, पुन्हा वाजली. तो समोर बघत तसाच बसून राहिला.