जावेचं आंबवण

लग्न होऊन मी उस्मानाबादकडून चिंचवडला आले तेव्हा पिंपरीचा औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता. आमच्या ह्यांना तिथं नोकरी लागली होती. गावात, पवनेच्या अंगाला, एका शेतकरी बाईंच्या घरात आम्ही मागची खोली भाड्यानं घेतली. चूल त्यांच्यात आणि आमच्यात एकच. त्या पन्नाशीच्या, विधवा. मुलगी खेडला दिली होती. शेत वाट्यानं लावलेलं होतं. मी त्यांना काकी म्हणायची.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चुंबळीवर एक काळं मडकं असायचं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात जोंधळ्याच्या पिठाचं आंबवण. काकी रोज सकाळी त्यातलं काढून आंबील शिजवायच्या, तळाशी थोडं ठेवायच्या आणि त्यावर नवं पीठ-पाणी घालायच्या. आंबील आमच्याकडेही करतात, त्यात नवल नव्हतं. नवल एवढंच की पीठ घालताना काकी हळू आवाजात म्हणायच्या, "घे बाई." आणि मला त्या मडक्याला हात लावू द्यायच्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात मला मोठा ताप आला. इंजेक्शनांनी ताप उतरला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. भाताची पेजसुद्धा टिकेना. मी पार वाळून गेले. तेव्हा काकींनी आंबवणावरचं आंबट पाणी वाटीत निवळून घेतलं, मीठ टाकलं आणि माझ्यापुढे धरलं. ते कच्चंच होतं. मी बघतच राहिले.

"पी पोरी," त्या म्हणाल्या. "त्या सुयांनी आतलं समदं मारलंय. पोटात कायतरी जितं जाया पायजे."

ते पाणी पोटात टिकलं. रोज सकाळी एक वाटी, असं करत मी हिंडूफिरू लागले. ह्यांना सांगितलं तर ते हसले नाहीत. कारखान्यात मोठाल्या टाक्यांत बुरशी वाढवून औषध करतात, तसे ह्या आंबवणातही डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, असं त्यांनी मला समजावलं. मला ते पटलं. तरी उन्हाच्या कडाक्यात ते फडकं हळूहळू फुगायचं, खाली बसायचं, आतून कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटावं तसं बुडबुड वाजायचं, तेव्हा मी तिकडं पाठ करून बसत नसे.

पुढं काकींना मुलीच्या बाळंतपणाला खेडला जावं लागलं. जाताना त्यांनी मडकं माझ्या हवाली केलं. तेव्हा प्रथमच सांगितलं की ते आंबवण त्यांच्या धाकट्या जावेनं लावलेलं. जाऊ तापानं गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिच्या हातचं त्यातलं थोडं तरी अजून तळाशी आहे, असं काकी मानत. "पीठ घालताना तिला 'घे बाई' म्हन," एवढंच त्या म्हणाल्या.

मी म्हणत होते. एकदा मात्र लाज वाटली आणि गुपचूप पीठ घातलं. दुसऱ्या दिवशी आंबवण निपचित पडलं होतं. ना बुडबुडा, ना आंबट वास. थंडी म्हणावी तर बाहेर घामाच्या धारा लागलेल्या. मी मडक्याशी बसून "घे बाई" म्हणाले. दुपारी फडकं फुगलं होतं.

त्याच आठवड्यात मी नदीवरून धुणं घेऊन येत होते. हे पहिल्या शिफ्टवरून येऊन ओसरीवर टेकलेले. मला नदीच्या वाटेनं येताना पाहून ते उठून उभे राहिले.

"तू बाहेर आहेस?" त्यांनी विचारलं. "मग आत कोण गातंय?"

आम्ही दोघं आत गेलो. चूल विझलेली, कोपऱ्यात मडकं, दुसरं कुणी नाही. ह्यांनी फडक्याला कान लावला. मग म्हणाले, बाईचा आवाज होता, दळताना गातात तसा. शब्दही त्यांना आठवत होते:

कुरुळीच्या वाटंवरी धुरळा कशाचा उठला
बंधवाच्या गाडीचा बैल कुठं गं अडला

कुरुळी कुठं आहे हे तोवर आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

काकी परत आल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या घाबरतील. त्यांनी फक्त ओवीचे शब्द पुन्हा म्हणायला लावले आणि उंबऱ्यावर बसल्या. कुरुळी जावेचं माहेर. लग्नात मानपानावरून तिच्या भावाचं आणि ह्या घरचं बिनसलं होतं. ती आजारी पडली तेव्हा सासऱ्यांनी भावाला निरोप धाडू दिला नाही. ती अंथरुणावरून दाराकडे बघत राहायची.

"म्या चोरून धाडाया पायजे हुता," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुरुळीला जायला गाडी जुंपायला लावली. मडकं मी मांडीत घेऊन बसले. मोशीला इंद्रायणी ओलांडताना गाडी कलली. त्या हिसक्यानं आंबवण डचमळलं आणि फडक्यातून पाणी माझ्या हातावर आलं. ते कोमट होतं, अंगासारखं.

जावेचा भाऊ आता पिकलेल्या मिशांचा माणूस होता. काकींना त्यानं ओळखलं, पण या म्हणाला नाही. काकींनीही काही सांगितलं नाही. त्याच्या बायकोकडून चूल मागून घेतली, आंबील शिजवली आणि वाटी त्याच्यापुढं ठेवली. दारी आलेलं परत कसं लावायचं म्हणून त्यानं घोट घेतला. मग वाटी खाली ठेवून तो घराच्या आत बघू लागला, तिथं कुणी उभं असल्यासारखा.

"ही आक्काच्या हातची हाय," तो म्हणाला.

तेव्हा काकी रडल्या. निरोपाचं सगळं त्यांनी तिथंच सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. रागावला नाही, पण बरं वाटलं असंही दिसलं नाही. मडकं मात्र त्यानं ठेवून घेतलं. पीठ घालताना काय म्हणायचं ते काकींनी सांगितल्यावर म्हणाला, "आमी तिला बाई न्हाई म्हनत. आक्का म्हनू."

पुढं काकींनी नवं आंबवण लावलं, पण त्या कोपऱ्यात नाही, चुलीपाशी. आंबील चांगली व्हायची, पण चव साधी, कुणाच्याही घरच्यासारखी. वर्षभरात कंपनीची खोली मिळाली आणि आम्ही गाव सोडलं. सामान हलवायच्या दिवशी स्वयंपाकघर झाडताना कोपऱ्यात मडक्याच्या बुडाचं गोल ओलं कडं दिसलं. तिथं कितीतरी महिन्यांत काही ठेवलेलं नव्हतं. मी काकींना हाक मारली. त्यांनी ते पाहिलं, माझ्या हातातली केरसुणी घेतली आणि तेवढी जागा न झाडता बाकीचं घर झाडून काढलं.