आमच्या अभ्यासिकेतली दुसरी मेरिट लिस्ट

पोरींनो, आज काय झालं ते सांगते.

मी लातूरला नीटची तयारी करते. आज दुपारी अभ्यासिकेत बसले असताना आमच्या व्हॉट्सअॅपच्या डाउट ग्रुपवर एका पोराकडून चुकून एक यादी पडली. टेस्टची रँक लिस्ट समजून मी उघडली. त्यात मुलींचे सीट नंबर होते आणि पुढे गुण. चेहऱ्याला इतके, फिगरला इतके.

मी उभी राहून विचारलं, "कुणी बनवली ही?"

सगळ्या पोरांच्या माना पुस्तकात. रोज माझ्याच नोट्स नेणारा शेजारचा म्हणाला, "मजाक हाय गं, लई मनावर नको घेऊ."

त्याच्यावर मी ओरडले. पण खरं सांगू? ओरडायच्या आधी मी यादीत माझा नंबर शोधला होता. एकोणिसावा. आणि क्षणभर वाईट वाटलं, इतका खाली का म्हणून.

तुम्ही शोधला नसता?